चित्राची तक्रार

चित्र भिंतीवरून उतरवून जमिनीवर टेकवलं होतं, चारी कोपऱ्यांना पुठ्ठे चढले होते. आता कागद गुंडाळायचा, तेवढ्यात उघड्या दारातून चित्रकारकाका आत आले.

"कागद नका लावू रे, चिकटेल. अजून ओलं व्हायचंय ते."

पॅकिंगवाले दोघे हात थांबवून बघत राहिले. म्हाताऱ्याच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात रंगाच्या नळ्या खुळखुळत होत्या.

"काका, या, बसा," ती म्हणाली. वडील जाऊन महिना होत आला होता. अजून कुणी ना कुणी भेटायला येतच होतं. त्यातलेच हे, असं तिला वाटलं.

"बसायलाच आलोय. पण खुर्ची नको, ते बुटकं स्टूल दे. तुझा बाप मला त्यावरच बसवायचा." तिने स्टूल चित्रासमोर सरकवलं, पण ते उभेच राहिले.

तिच्या वडिलांनी जन्मभर चित्रं जमवली, आणि चित्रांहून अधिक चित्रकार जमवले. आपल्यामागे सगळी चित्रं संग्रहालयात एकाच दालनात राहावीत आणि मधोमध हे चित्र असावं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. बाकीची चित्रं सकाळीच गेली होती. हे तेवढं उरलं होतं.

संग्रहालयाच्या बाई पुढे झाल्या. "सर, काय करताय तुम्ही?"

"काम."

"चित्र पूर्ण झालंय, सर. खाली तुमची सही आहे."

"सही काय, मी कुरिअरवाल्यालाही देतो."

बाईंनी त्यांचा नाद सोडला आणि तिला बाजूला घेतलं. "हे बघा, गाडीत चढेपर्यंत चित्र तुमचं आहे. पण त्याची पाहणी झालीय ती आत्ता आहे त्या स्थितीत. त्यावर ब्रश लागला तर मला ते नेता येणार नाही, आणि ते नसेल तर दालनाचंही अवघड आहे. तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतील ते."

'बाबांना विचारते' हे शब्द अगदी ओठावर आले होते. तिने ते गिळले.

"काका, बाबांना हे चाललं असतं?"

"चाललं असतं? अगं, तोच बोलवायचा मला! वर्षा-दोन वर्षांनी पत्र यायचंच. तुझ्या चित्रात उजवीकडे काहीतरी खटकतंय, येऊन बघ. की निघालो मी डबा घेऊन. चार दिवस राहायचं, जेवायचं, कडाकडा भांडायचं आणि निघता निघता जरा ब्रश फिरवायचा. तेव्हा तू शाळेत गेलेली असायचीस."

तिने चित्राकडे पाहिलं. राखाडी पसारा आणि वर एक पिवळा पट्टा.

"यात एक लाल ठिपका होता का हो कधी?"

"होता की. चांगला रुपयाएवढा."

लाल ठिपक्याचं ती लहानपणी आईला सांगायची, आणि आई म्हणायची, तुझं आपलं काहीतरीच. पुढे तिलाही ते काहीतरीच वाटू लागलं होतं. तिने स्टुलाशेजारची खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यावर बसली.

"मग यातलं खरं चित्र कोणतं?"

"मला काय विचारतेस? माझ्यापुरतं ते पहिल्याच वर्षी झालं होतं."

"मग बाबांना खटकायचं काय?"

"काही नाही." काकांनी नाक पुसलं. "नुसतं 'ये' म्हणायला लाज वाटायची त्याला. आणि मी तरी कुठला शहाणा? दर वेळी जाताना एखादी जागा मुद्दाम बिघडवून जायचो. पुढच्या पत्राला काही विषय नको?"

"म्हणजे हा पिवळा पट्टा..." बाई चित्राजवळ वाकल्या. "आमच्या तज्ज्ञांनी त्याच्यावर लेख लिहिलाय, सर."

"तो बिघडवलेलाच. पण लेख चांगला असेल."

पॅकिंगवाल्यांपैकी एकाला हसू फुटलं. दुसऱ्याने विचारलं, "ताई, बांधू का नको?"

तिला कळेना. 'बांधा' म्हटलं असतं तर बाबांनी मागितलं ते सगळं झालं असतं. पण ते म्हणायचं कुणासमोर, तर बाबांनी जन्मभर या ना त्या निमित्ताने ज्याला बोलावलं, त्या माणसासमोर.

काकांनी काठी काखेत मारली, डब्याच्या झाकणावर रंग पिळला, ब्रश बुडवला आणि हात उचलला. हात तसाच राहिला. चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते शोधत राहिले.

"या वेळी पत्रच आलं नाही गं," ते म्हणाले. "कुठे खटकतंय ते सांगितलंच नाही त्याने."

मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"तू सांग. तू तर रोज बघत आलीस. काय खटकतंय?"

"ताई," बाई हळूच म्हणाल्या, "फक्त 'नाही' म्हणायचंय तुम्हाला."

ती बघत राहिली. पट्टा बघितला, राखाडी बघितलं, चित्रामागच्या भिंतीवरचा न विटलेला चौकोन बघितला. एकदा वाटलं, सगळंच चुकलंय. एकदा वाटलं, याला कुणी हातही लावू नये.

"काहीतरी आहे, काका," शेवटी ती म्हणाली. "पण नेमकं काय, ते मला सांगता येत नाही."

"त्यालाही कधी आलं नाही," काका म्हणाले, आणि काठी पॅकिंगवाल्याच्या हातात देऊन, ब्रश सावरत स्टुलावर बसले.