पुढचा करेल ते मागच्याने

आमच्या मोटरसायकल क्लबच्या सगळ्या राइड्स सेक्रेटरी ठरवतात आणि त्यांचा नियम एकच. पुढचा जे करेल तेच मागच्याने करायचं, का म्हणून विचारायचं नाही. त्यांनी खड्डा दाखवायला पाय बाहेर काढला, की शेवटच्या गाडीपर्यंत ओळीने पाय बाहेर निघतात.

परवाच्या रविवारी त्यांनी बायकोला सांगितलं, "ऑफिसात अर्जंट काम निघालंय गं. आईंना आणायला काही जमणार नाही, त्यांना टॅक्सी करून यायला सांग." आणि आम्हाला घेऊन ते राइडला निघाले.

चौक ओलांडला, तर बसथांब्यावर त्यांच्या सासूबाई बॅग घेऊन टॅक्सीची वाट बघत उभ्या. सेक्रेटरींनी झटकन तोंड दुसरीकडे फिरवलं. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी ते दमल्याचा चेहरा करून घरात शिरले. सासूबाई चहा घेत बसल्या होत्या.

 

"हेल्मेटमध्ये तुम्हाला मी ओळखलंच नसतं हो, जावईबापू. पण मागचे सगळे एकेक करून माझ्यासमोर तोंड फिरवत गेले, तेव्हा म्हटलं, पुढचा माणूस आपल्याच घरातला."