दवातली पावलं

चंद्रावरच्या घुमटात हवा ताजी ठेवणाऱ्या हिरवळीवर पुन्हा तपकिरी ठिपके दिसले, तेव्हा वस्तीची वनस्पतितज्ज्ञ शलाका धावत तिथे आली. हे शेवटचं बुरशीनाशकही निकामी ठरलं, तर वस्ती सोडावी लागणार होती.

"सगळ्यांना सामान बांधायला सांगू का?" वस्तीप्रमुख धारपांनी विचारलं.

शलाका वाकली. फवारलेला कोपरा हिरवागार होता. नवे ठिपके तिथून, न फवारलेल्या गवतावरून, धारपांच्या दारापर्यंत एका रांगेत गेले होते, चंद्रावरच्या लांब ढांगांइतक्या अंतराने.

"काका, तुम्ही इथे अनवाणी फिरता?"

धारप ओशाळले. "अगं, दवात चाललं की डोळ्यांना बरं असतं."

"फवारणीआधी तुम्ही या कोपऱ्यातून गेलात, आणि तुमच्या ओल्या तळव्यांनीच बुरशी पसरली!"

"म्हणजे औषध लागू पडतंय?"

"पडतंय." शलाका हसत पायवाटेवर मटकन बसली. "आणि डोळ्यांसाठी उद्यापासून गाजरं खा."