डबा सांगेल ते
धाकट्याने डब्याखालची तोटी फिरवली आणि बादलीत काळं तेल पडू लागलं. थेंब थेंब नाही, चांगली धार.

"बघ दादा. आता तूच बघ," तो म्हणाला.

मोठा भाऊ ट्रकच्या बॉनेटला टेकून उभा होता. तोटी फिरवायच्या आधी तो "अरे, त्या डब्याचं एक..." एवढंच बोलला होता, तर धाकट्याने "आता सबबी नकोत" म्हणून त्याला गप्प केलं होतं. धार लागल्यावर मात्र मोठा आपण होऊन गप्प झाला.

ट्रक वडिलांचा. घरात सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. वडील गेले आणि दोघे भाऊ तो चालवू लागले. लांबच्या फेरीत एक चालवायचा, दुसरा सीटमागच्या फळीवर झोपायचा. घरच्या गादीवर कूस बदलत पडणारा मोठा या फळीवर घाटातसुद्धा घोरायचा. स्टिअरिंगवर भाऊ आहे म्हटल्यावर कसली काळजी!

मग धाकट्याच्या सासऱ्याने टायरच्या दुकानात भागी देऊ केली, आणि नावडतीचं मीठ अळणी तसं झालं. म्हातारी धूर मारते. म्हातारी चढाला दम टाकते. विकून टाकू आणि आपापलं बघू. धाकट्याची ही बोलणी निघाली की मोठा फडकं घेऊन म्हातारीची काच पुसू लागायचा.

शेवटी मेस्त्रीने तोड काढली. इंजिनाच्या श्वासाबरोबर तेलाची वाफ बाहेर पडते, ती नळीने एका डब्यात धरायची. महिन्यात कपभर तेल साचलं तर इंजिन ठणठणीत. आठवड्यात डबा भरला तर आतून झिजलं समजा. दोघांनी एकमेकांना शब्द दिला: डबा सांगेल ते खरं. भरला तर विकायची, नाही तर विषय बंद. डबा मोठ्याने स्वतः बसवला, एअर फिल्टरच्या मागे, हातसुद्धा जेमतेम शिरेल अशा जागी. काम चालू असतानाच माल उचलायचा फोन आला आणि तो हात पुसत निघाला.

आज त्याला आठवडा झाला आणि डबाभर तेल बादलीत उतरलं होतं. मोठ्याची बायको दारातून बघत होती, ती पुढे आली.

"एका डब्यावरून गाडी विकायची? निदान मेस्त्रीला तरी दाखवा."

"शब्द दिलाय, वहिनी," धाकटा म्हणाला.

"तू थांब रे जरा. अहो, तुमचा जीव आहे तिच्यात."

"होता," मोठा म्हणाला. "आता मला त्या फळीवर झोप लागायची नाही."

नवऱ्याने इंजिनाची धास्ती घेतली, असं तिला वाटलं. वाईटही वाटलं. इतकी वर्षं गाडी हाकली आणि डबाभर तेलाला भ्यायला हा माणूस. ती आत गेली.

धाकट्याला घाई होती. दलालाशी त्याचं बोलणं झालेलंच होतं, आजच गाडी नेऊन दाखवतो म्हणाला. मोठ्याने खिशातून किल्ली काढून दिली. मग केबिनमध्ये चढून फळीवरची आपली चादर आणि उशी काढली. उतरताना सीटखालून एक पाकीट ओढून घेतलं. त्यात काळ्या रबरी नळीचं वेटोळं होतं, दोन क्लिपा होत्या. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

"हे पण गिऱ्हाइकाला दे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"डब्याची नळी. त्या दिवशी फोन आला आणि राहूनच गेलं. डबा अजून इंजिनाला जोडलेलाच नाही." त्याने चादर काखेत मारली. "मघाशी तेच सांगत होतो."