पान्याची खाच

हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कोरलेली होती. परीक्षक कुलथेसाहेबांनी त्यांतला एक पाना मुद्दाम स्वतःच्या खिशात टाकला. विमान-देखभालीच्या परवान्यासाठी रेवतीची ही अखेरची तोंडी परीक्षा होती.

“एक खाच रिकामी दिसतेय. काय करशील?”

“पाना विमानात राहिला असू शकतो. तो सापडेपर्यंत विमान हलू देणार नाही.”

“प्रवासी खोळंबलेत. वरून फोनवर फोन येताहेत.”

“तरीही नाही, सर.”

“बापासारखीच हट्टी आहेस,” ते हसले. “उत्तर चोख. काही शंका?”

“एकच. माझे बाबा याच हँगरमध्ये, विमानाच्या शेपटीवर काम करताना पडून वारले. त्यांच्या मुठीतला पाना तुम्ही सोडवलात, पुसलात आणि खाचेत ठेवलात. विमान वेळेवर उडालं. ते कोणत्या नियमानं?”

साहेबांचे हसू मावळले. “हत्यारं पुरी होती, पोरी. नियम तेवढंच विचारतो. परवाना हवाय ना तुला?”

नियमावली रेवतीला मुखोद्गत होती. तो ग्रंथ मोठा दूरदर्शी होता. पाना, स्क्रू, पुसायची चिंधी, विमानापाशी हरवू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्याला काळजी होती. माणसाच्या आकाराची खाच मात्र त्यात कुठेच नव्हती.

तिने हात पुढे केला. साहेबांनी खिशातला पाना काढून दिला. बाबांनी धरला असेल तसा तिने तो क्षणभर मुठीत घट्ट धरला, मग खाचेत बसवला.

“सगळी हत्यारं जागेवर आहेत, सर,” ती म्हणाली. “विमान जाऊ शकतं.”