अर्धं लुगडं

इन्स्पेक्टर भला माणूस होता. वसुलीला आला, तरी ओसरीवर चपला काढून आत आला आणि जागेश्वरच्या सुनेनं दिलेलं पाणी घोटभर प्यायला.

"बाबा, श्रावणरावांच्या नावावर इन्कम टॅक्सचे नऊ हजार चारशे बाकी आहेत."

जागेश्वरला आकडा पाठ होता. त्याचा लेक श्रावण इतवारीच्या शेठचं सूत आणून तांडापेठेतल्या वीस विणकरांना वाटायचा. सगळ्यांची मजुरी त्याच्याच बँकखात्यात यायची, आणि तो ती घरोघर जाऊन हातावर ठेवायचा. जातभाईकडून पावती कोण मागतो? सरकारला तो सगळा पैसा एकट्या श्रावणची कमाई दिसला. पोरगा तीन महिन्यांमागं तापानं गेला. माणूस मेला तरी कागद काही मरत नाही.

"हप्ते पाडून मिळतील," इन्स्पेक्टर म्हणाला. "दंड माफ व्हावा म्हणून अर्जही करता येईल, पण त्याला वर्षं लागतात. तिसरं म्हणजे, मयतानं जेवढं मागे ठेवलं, तेवढ्यापुरतंच वारसांना भरावं लागतं. काहीच ठेवलं नसेल, तर फाइल बंद. हा माग कोणाचा?"

जमिनीतल्या खड्ड्यावर माग होता आणि त्यावर चादर. घरात किमतीचं तेवढंच. तो वसुलीत गेला, की भाड्यानं एखादा विणकर बसवून चूल पेटवायची आशाही गेली.

पण विणकरांची एक रीत होती. बापाची नजर अधू झाली की दसऱ्याला नारळ फोडून तो लेकाचे पाय त्या खड्ड्यात सोडतो, आणि त्या दिवसापासून माग लेकाचा. दिलेला माग बाप पुन्हा आपला म्हणत नाही. जागेश्वरनं आठ वर्षांमागं माग असाच श्रावणला दिला होता, आणि तेव्हापासून त्याला हातही लावला नव्हता.

"बोला नं, मामाजी," सून पुष्पलता हळूच म्हणाली.

"माहा आहे," जागेश्वर म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला चोराचा वाटला.

"तुम्ही चालवता?"

"हो जी."

"मी पाहतो तेच लिहितो, बाबा. बसून दाखवा."

पुष्पलतानं चादर काढली. श्रावणचं अर्धं विणलेलं लुगडं तसंच होतं. तो गेल्यापासून त्याला कोणी शिवलं नव्हतं. म्हातारा चाचपडत खड्ड्यात उतरला. पायानं दाबायच्या पावड्या आपोआप सापडल्या. त्यानं धोटा फेकला, फणी ओढली. पहिले चार-दोन धागे हात सावकाश चालले, मग सवयीला लागले. इन्स्पेक्टर "पुरे" म्हणाला, तरी तो विणतच राहिला. थांबलं की वर तोंड करावं लागणार, त्याची त्याला लाज वाटत होती.

"बाबा, पुरे. ऐका. 'माग जागेश्वर यांच्या मालकीचा आहे. मयत श्रावण यांनी मागे काहीही ठेवलेले नाही.' इथं सही करा."

जागेश्वरनं खड्ड्यात बसूनच सही केली. इन्स्पेक्टरनं कागदाची घडी घातली, दोघांना नमस्कार केला आणि गेला.

"सुटलो वं पोरी," जागेश्वर म्हणाला.

पुष्पलता लुगड्यावर वाकून बघत होती. सूत तेच, रंग तोच, काठही सलग पुढं गेलेला.

"मामाजी, त्यायचं विणलेलं कुठवर आहे? मले तेवढं दाखवा."

जागेश्वरनं कापडावर बोट ठेवलं आणि सावकाश मागं नेलं. पुन्हा पुढं आणलं. पुन्हा मागं नेलं. ती वाट बघत उभी होती.

"समजून नाही राहिलं, पोरी," तो शेवटी म्हणाला. "त्याले मीच शिकवलं होतं."