चालते व्हा

रविवारी संध्याकाळी पावणेआठ वाजता ओसाकाच्या नाम्बा भागातल्या एका तळघरात आगीचा भोंगा वाजू लागला. कुणीही जागचं हललं नाही. उलट टाळ्या पडल्या.

तळघराचं नाव 'गटार'. मंचावर 'गंजके दात' हे दोघांचं पथक होतं. तात्सुमी पत्र्याच्या पिंपांवर हातोडे मारत होता आणि मिसाओ कुरामोची छिद्रयंत्राला माइक चिकटवून ते लोखंडी पत्र्यात घुसवत होती. अशा कल्लोळात एक भोंगा वाढला, तर त्याचं कौतुकच होणार. छताशी धूर दिसू लागला तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "वा! आज खर्च केलाय!"

मिसाओला मात्र कळलं. तो सूर तिचा नव्हता.

तिने यंत्र बंद केलं आणि माइक ओढला. "आग लागलीय! चालते व्हा!"

"तूच हो चालती!" सगळं तळघर एका आवाजात गरजलं.

तो त्यांचा रिवाजच होता. गेली कित्येक वर्षं ती प्रत्येक कार्यक्रमात लोकांना हाकलत आली होती आणि लोक प्रत्येक वेळी हेच उत्तर देत आले होते. त्यासाठीच तर ते येत.

"अरे मुडद्यांनो, खरंच सांगतेय! मराल!"

"मारून टाक, ताई!"

तिकीट खिडकीवरून 'गटार'चा चालक बांदो धावत आला. वरच्या मजल्यावर ज्वाळा दिसत होत्या. जिना अजून मोकळा होता, पण किती वेळ, ते सांगता येत नव्हतं. त्याने मंचावर चढून हात जोडले. "पाया पडतो तुमच्या, बाहेर पडा!"

"नवा गायक! नवा गायक!" लोकांनी ठेका धरला.

तात्सुमीने हातोडे खाली टाकले. "तुझं कोण ऐकणार, बाई? तूच शिकवलंस त्यांना."

"आणि ऐकलं तर?" मिसाओ म्हणाली. तिची नजर जिन्यावर होती. एका वेळी एकच माणूस चढेल एवढाच तो जिना. लोकांचा विश्वास बसला असता, तर आगीआधी चेंगराचेंगरीनेच माणसं गेली असती.

खोकल्याची पहिली उबळ मागच्या भिंतीपाशी ऐकू आली.

मिसाओने टाचा जुळवल्या. पाठ ताठ केली. काळ्या रंगाने माखलेले हात पोटावर एकावर एक ठेवले आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. मग ती माइकपासून वीतभर लांब सरकली आणि बोलू लागली. आवाज मऊ होता, उंच होता, त्यात घाई अजिबात नव्हती.

"सन्माननीय ग्राहकहो, आज आपण अगत्याने आलात, त्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. आपली गैरसोय होत आहे, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. कृपया आपले सामान सोबत घ्यावे आणि पुढच्या व्यक्तीला न ढकलता, एकेरी रांगेने, जिन्याकडे प्रस्थान करावे."

तळघर चिडीचूप झालं. फक्त भोंगा वाजत राहिला.

ओसाकाच्याच उमेदा भागातल्या एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, चौकशीच्या मेजामागे, पांढरे हातमोजे घालून मिसाओ दिवसभर याच आवाजात बोलत असे. हरवलेल्या मुलांचे आईबाप ती याच आवाजात बोलावून घेई. दुकान बंद होण्याची वेळही त्याच आवाजात सांगे. आजही कामाची पाळी संपवून ती थेट इकडे आली होती. 'गटार'मध्ये यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. ज्या दिवशी माहीत होईल, त्या दिवशी इथलं आपलं दाणापाणी संपलं, असं ती धरून चालली होती.

पहिल्या रांगेतल्या खिळेवाल्या जाकिटाने कानातले बोळे काढले. "हो," तो पुटपुटला आणि वाकून आपली पिशवी शोधू लागला. त्याच्या मागच्याने त्याला जागा करून दिली. बघता बघता रांग लागली.

"डावीकडून, कृपया. पायरी जपून. सहकार्याबद्दल आभारी आहोत."

कुणी धावलं नाही. कुणी ढकललं नाही. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला रांगेने न सांगता पुढे घेतलं. बांदो दारात उभा राहून डोकी वर पाठवत होता. धूर गळ्यापर्यंत उतरला तेव्हा तळघरात दोघंच उरली.

"तात्सुमी महोदय, आपणही कृपया—"

"म्हणजे ती तू?" तात्सुमी जिन्याकडे धावता धावता म्हणाला. "अगं, माझी आई तुझा आवाज ऐकायला त्या दुकानात जाते! विकत काही घेत नाही!"

"बोलू नकोस. पायरी बघ."

ती दोघं रस्त्यावर आली तेव्हा अग्निशमन दलाने पाण्याचा मारा सुरू केला होता. तळघरातला प्रत्येक माणूस बाहेर होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. मिसाओ दिसताच असा जल्लोष झाला की पाण्याच्या नळ्या धरलेले जवान वळून बघू लागले.

"ताई, शेवटचा भाग काय भयंकर होता!" खिळेवाला ओरडला. "आतापर्यंतचा सगळ्यात भयंकर! अंगावर काटा आला!"

"पुढच्या वेळी पण तेच पाहिजे!" मागून कुणीतरी साथ दिली.

मिसाओने तोंडावर हात धरला. ती हसत होती. काळा रंग गालावरून ओघळत होता.

दलाच्या प्रमुखाने कर्ण्यावरून लोकांना घरी जायला सांगितलं. मग दरडावून सांगितलं. पदपथावरची एकेरी रांग तशीच उभी राहिली. तो तिच्याकडे आला.

"यांचं तुम्हीच बघा, बाई. माझं कोणी ऐकत नाही."

"माझंही कधी ऐकत नसत," ती म्हणाली आणि कर्णा घेतला.

आगीचं कारण अजून समजलेलं नाही. रांग हललेली नाही. मिसाओने कर्णा तोंडाशी नेला आहे, आणि ती कोणत्या आवाजात बोलणार, हे ऐकायला समोरच्या सगळ्यांनी कानातले बोळे काढून ठेवले आहेत.