भिमाची हातबत्ती

"उघडली का?" धोंडप्पानं दारातूनच विचारलं.

"नाही अजून. गंज लई आहे, मामा. जोर लावला तर पत्रा फाटेल." सबिहानं हातातलं काम न सोडता सांगितलं.

आजचा सलग चौथा दिवस. हा म्हातारा अक्कलकोटहून पहिल्या एसटीनं यायचा, दुकानाच्या उंबऱ्याशी उभा राहायचा आणि एवढंच विचारून माघारी जायचा. बसा म्हटलं तरी बसत नसे. चहा दिला तर कप हातात धरूनच गार करायचा.

सबिहाकडं जुन्या रेल्वेबत्त्या दुरुस्तीला पार पुण्याहून, हैदराबादहून येत. कुणाला त्या हॉटेलात टांगायच्या असत, कुणाला दिवाणखान्यात. सगळ्यांना चकाकी हवी. धोंडप्पाचं उलटं होतं. "घासू नगंस. पेटली म्हंजे झालं. आन् काचा नीट बघ. काय दिसंल ते मला खरं सांग," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि जाता जाता वळून विचारलं होतं, "बत्तीघरातल्या इलाहीबक्षची ल्येक तू, व्हय ना?"

तेव्हापासून तिला चैन नव्हतं.

बत्ती त्याच्या थोरल्या भावाची, भिमाची. भिमा रेल्वे फाटकावर कामाला होता. पन्नासेक वर्षांपूर्वी एका पहाटे रुळांत बैलगाडी अडकली. भिमा येणाऱ्या मालगाडीच्या दिशेनं पळत सुटला, बत्ती लाल करून हलवत राहिला. मालगाडी थांबली नाही. गाडीवान जागीच गेला. ड्रायव्हरनं सांगितलं, मला हिरवा दिसला. चौकशीच्या वेळी बत्ती काही सापडली नाही. "बोरी नदीत पडली हुती. मला मागनं घावली," धोंडप्पा म्हणाला होता.

भिमाची नोकरी गेली. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मरेपर्यंत तो एकच सांगत राहिला, मी लालच दाखवली. आता त्याची बायको सोनाबाई अंथरुणाला खिळली होती आणि तिला ती बत्ती एकदा पेटलेली बघायची होती.

फाटकांवरच्या बत्त्या पुसायला, काचा बसवायला ज्या बत्तीघरात यायच्या, तिथं सबिहाचे अब्बा कामाला होते. त्या अपघातानंतर ते एकेक बत्ती तीन-तीनदा तपासू लागले. जेवता जेवता मधेच थांबायचे आणि विचारायचे, "लाल बघितली होती ना मी?" अम्मी म्हणायची, कामाचा ताण आहे. सबिहा तेव्हा लहान होती. प्रश्न मात्र तिच्या कानात राहिला होता.

त्या दिवशी धोंडप्पा गेल्यावर दुपारी झाकण सुटलं.

आत फिरता डबा होता. वरची टोपी फिरवली की भिंगासमोरची काच बदलायची. एक खिडकी मोकळी, पांढऱ्या उजेडासाठी. दुसरीत हिरवी काच. तिसरी काजळीनं काळीभोर झालेली. सबिहानं ओलं फडकं फिरवलं, डबा उजेडाकडं धरला.

हिरवी.

तिनं पुन्हा पुसली. दोन्ही बाजूंनी पुसली. लालच्या जागी हिरवी काच होती, कडेनं पुट्टी भरून पक्की बसवलेली. म्हणजे भिमानं टोपी लालवरच फिरवली होती. भिंग समोर धरून पळणाऱ्या माणसाला आपल्या बत्तीचा रंग कुठला दिसायला!

ती उठली, दुकानभर फिरली, पुन्हा येऊन बसली. डबा सोडला नाही. भिमा खरं बोलत होता, हे सांगायला किती वेळ लागतो? पण त्यापुढचा प्रश्न, मग ही हिरवी बसवली कुणी, धोंडप्पा विचारणारच, आणि उत्तर तो घेऊनच आला होता. नाहीतर पहिल्याच दिवशी त्यानं अब्बांचं नाव कशाला काढलं असतं?

संध्याकाळपर्यंत तिनं घोटभर पाणीही घेतलं नाही. मग दुकानातल्या साठ्यातून एक लाल काच काढली. मापानं कापली, कडा घासल्या, हिरवीच्या जागी बसवली. वर काजळीचं बोट फिरवून ती जुनी दिसेल अशी केली. हिरवी काच ठेचून कचऱ्यात टाकली. सोनाबाईला लाल उजेड दिसेल, म्हातारीचा जीव निवेल. यात कुणाचं वाईट झालं? हे तिनं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

सकाळी धोंडप्पा आला.

"उघडली," तिनं त्याच्या आधीच सांगितलं.

तो पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला. "काय दिसलं?"

"काय दिसणार? गंज, काजळी. काचा जागच्या जागी आहेत."

"नीट बघितल्यास?"

"बघितल्या की."

"तुझ्या बापाची शप्पत?"

सबिहानं वळून बत्ती उचलली. शटर खाली ओढलं, वात पेटवली, बत्ती त्याच्या हातात दिली. समोरच्या भिंतीवर पिवळट गोल पडला. त्यानं टोपी फिरवली. भिंत हिरवी झाली. मग डोळे मिटून त्यानं पुन्हा टोपी फिरवली.

भिंतीवर लाल उजेड पसरला.

"बघा," सबिहाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "सोनाबाईंना सांगा, भिमाकाकांनी लालच दाखवली होती."

धोंडप्पानं डोळे उघडले. तो खाली फरशीवर बसला. मग त्यानं सबिहाकडं मान वळवली.

"ही लाल कुठनं आली, पोरी?" तो म्हणाला. "आदल्या राती लाल माझ्या हातनं फुटली, म्हणून मीच तर तितं हिरवी बसवली हुती."